आधी समोरच्याचं म्हणणं

सर,

तुम्हाला लिहायला मी आजवर पाच-सहा वेळा तरी बसले असेन. दर वेळी पहिल्याच पानावर आपली बाजू लिहून मोकळी व्हायची, मग वाचून बघायची आणि फाडून टाकायची. तुमच्या वर्गात असलं चाललंच नसतं. तुझं नंतर, आधी समोरचीचं सांग, असं म्हणून तुम्ही मला उभंच ठेवलं असतं. आज पुन्हा बसलेय. सत्तरी आली, गुडघे गेले, परराष्ट्र खात्यातल्या नोकरीतून सुटूनही दहा-बारा वर्षं झाली. आता तरी खरं बोल गं, असं दटावणारं घरात कुणी उरलेलं नाही. तुम्हाला जाऊन तर चाळीसाहून जास्त वर्षं लोटली. तेव्हा हे काम मलाच करायचंय, आणि ते मला नीट जमत नाही हे तुम्हाला माझ्याआधी कळलं होतं.

पाथर्डीपासून दोन कोसांवरचं आमचं गाव. दसरा झाला की आई-आबा बैलगाडी जुंपून ऊसतोडीला निघायचे ते उन्हाळ्यातच परत यायचे, आणि त्यांच्याबरोबर माझी शाळाही दर वर्षी उसाच्या पाचटात जायची. मी आठवीत असताना तुम्ही सायकल हाणत आमच्या दारात आलात. गाडीत भांडीकुंडी भरून झाली होती, मी चुलीची लोखंडी फुंकणी हातात धरून उभी होते. पोरगी माझ्या घरी राहील, असं तुम्ही आबांना सरळ सांगितलंत. आबा खाली बघत म्हणाले, पर ती खाईल काय सर? तुम्ही म्हणालात, आम्ही खातो तेच. झालं, एवढ्यावर माझं आयुष्य ठरलं. त्या दिवसापासून चार वर्षं, वर्षातले सहा-सहा महिने, मी काकूंच्या हाताचं खाल्लं. थंडीत काकू हुलग्याचं शेंगोळं करायच्या, आणि तुमच्या मुलीच्या ताटात जेवढं तेवढंच माझ्या ताटात पडायचं, कधी एक डाव जास्तच. तुमची धाकटी तेव्हा चार वर्षांची, रात्री माझ्याच कुशीत झोपायची आणि लाथा मारून मारून माझं पांघरूण ओढायची.

तुम्ही इतिहास आणि नागरिकशास्त्र शिकवायचात. पण पोरांना आठवतो तो तुमचा शनिवारचा शेवटचा तास. आठवडाभरात ज्यांची भांडणं झाली असतील त्यांनी पुढं यायचं, आणि नियम एकच. आधी समोरच्याचं म्हणणं आपण सांगायचं, आणि समोरचा 'व्हय, माझं म्हणणं हेच' असं म्हणेपर्यंत आपलं तोंड उघडायचं नाही. नववीत खिडकीजवळच्या बाकावरून माझं एका मुलीशी भांडण झालं होतं. मी उभी राहिले आणि ठसक्यात सांगितलं, हिला वारा पाहिजे. ती म्हणाली, न्हाई. मी म्हटलं, हिला रस्ता बघायला आवडतं. न्हाई. मी म्हटलं, हिला माझा हेवा वाटतो. पोरं हसली, तुम्ही हसला नाहीत. तिसऱ्या शनिवारी कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला की तिला फळ्यावरचं नीट दिसत नाही आणि ते वर्गात कबूल करायची तिला लाज वाटते. मी ते चारचौघांत फटकन बोलून टाकणार, तेवढ्यात तुम्ही हातानं थांबवलंत आणि नंतर व्हरांड्यात नेऊन झापलंत. समोरच्याचं मर्म कळलं म्हणजे ते वेशीवर टांगायचं नसतं, त्याला मान खाली न घालता परत जाता येईल एवढी वाट ठेवायची असते, असं तुम्ही म्हणालात. मला तेव्हा वाटलं, मास्तरांचं आपलं काहीतरीच. बाक मी सोडला, पण तोंड वाकडं करूनच सोडला.

एकाहत्तरच्या डिसेंबरात लढाई सुरू झाली तेव्हा मी तुमच्याच घरी होते. काकू भाकरी थापतायत, फळीवर रेडिओ, तुम्ही पाटावर बसून कान लावलेले, आणि बातम्या संपेपर्यंत काकूंना परात वाजवायची बंदी. लढाई लवकरच संपली आणि आपण जिंकलो. साऱ्या गावानं साखर वाटली. चार दिवसांनी कळलं की आपल्या तालुक्यातला एक जवान पश्चिमेच्या सरहद्दीवर पडला. तो तुमचाच विद्यार्थी. तुम्ही त्या संध्याकाळी जेवला नाहीत. त्याची आई विधवा, एकुलता एक पोरगा. तुम्ही दर रविवारी त्यांच्या घरी जाऊन बसायला लागलात. काय बोलायचात कोण जाणे, काकू म्हणायच्या, बोलत काही नाहीत, नुसते बसतात.

मग पुढच्या जुलैत सिमल्याला करार झाला, आणि लढाईत घेतलेला मुलूख परत द्यायचं ठरलं. पाथर्डीत नुसता भडका उडाला. त्या साली पावसानंही दगा दिला होता, माणसं आधीच करपलेली, त्यात ही बातमी. रणात कमावलं अन् टेबलावर घालवलं, असं जो तो म्हणत होता. शाळेच्या खोलीत शिक्षकही तेच म्हणत होते. त्या जवानाच्या आईनं तुम्हाला विचारलं, ज्या मातीत माजं लेकरू पडलं ती माती माघारी दिली, मग ते कशापायी गेलं? हे तुम्ही घरी येऊन काकूंना सांगितलंत. पंधरा ऑगस्टला शाळेच्या मैदानावर त्या माउलीचा सत्कार ठरला होता. तिथं आपण बोलायचं, तिच्या प्रश्नाला उत्तर द्यायचं, असं तुम्ही ठरवलंत. काकू म्हणाल्या, हात दाखवून अवलक्षण कशाला करून घेताय? तुम्ही म्हणालात की तिकडं टेबलाशी बसणाऱ्याचं काम अवघड असतंच, पण खरं अवघड पुढं असतं, परत येऊन आपल्याच माणसांपुढं उभं राहून त्यांना पटवायचं. तिथं जो कचरतो तो पुढारी कसला? हे तुम्ही पंतप्रधानांविषयी बोलत होतात, स्वतःविषयी नव्हे.

आई-आबा तेव्हा दुष्काळी कामावर खडी फोडायला गेले होते, म्हणून त्या पावसाळ्यात मी तुमच्याकडंच होते. अकरावीचं, म्हणजे तेव्हाच्या मॅट्रिकचं वर्ष. माझं अक्षर बरं म्हणून भाषण पक्कं लिहायचं काम माझं. दोन पानं झाली. तुमची नेहमीची सवय, पक्कं हातात आलं की कच्चं फाडून टाकायचं, तसं तुम्ही टाकलंतही. मग म्हणालात, पानं तुझ्याजवळच ठेव, मी काही बघून बोलणार नाही. पहिल्या पानावर सगळं समोरच्या देशाचं म्हणणं होतं, जणू त्यांचाच माणूस बोलतोय: माझा अर्धा देश गेला, हजारो शिपाई तुमच्या कैदेत, मी रिकाम्या हातानं तुमच्या दारात आलोय, मला अगदीच नागवून परत पाठवलंत तर घरचे मला उभं करणार नाहीत, आणि माझ्या जागी जो येईल तो तुमच्याशी बोलायला येणार नाही. आणि दुसऱ्या पानावर आपलं म्हणणं होतं. आपण काय मिळवलं, काय राखलं, पुढचे तंटे दोघांनीच बसून मिटवायचे हा शब्द कसा घेतला. शेवटी त्या माउलीला उद्देशून चार ओळी होत्या. बाई, तुमच्या मुलानं नुसती जमीन घेतली नव्हती. बोलायला तयार नसलेल्याला त्यानं बोलायला बसवलं. जमीन परत देता येते, हे कुणालाच परत देता येत नाही. त्या ओळी लिहिताना माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि शाई पसरली, म्हणून ते पान मी दोनदा लिहिलं. मला ते आजही तोंडपाठ आहे.

सभेला सगळं गाव लोटलं होतं. ती माउली पुढं खुर्चीवर, अंगावर नवं लुगडं, मांडीवर नारळ. आम्ही मुली खाली सतरंजीवर. तुम्ही उठलात आणि शनिवारच्या तासाला बोलावं तसं सुरू केलंत, आधी समोरच्याचं म्हणणं मांडतो, म्हणालात. अहो सर, ते आम्हा पोरांना ठाऊक. गावाला काय ठाऊक? शेतावरनं, खडीवरनं आलेली माणसं ती, त्यांना तुमचा नियम कुणी शिकवला होता? तुम्ही त्या परक्या माणसाची अडचण अशी काही मांडत होतात की ऐकणाऱ्याला त्याची कीव यावी. मागं कुजबूज वाढत गेली. मग तालमीतल्या एकानं उभं राहून विचारलं, "मास्तर, तुमी हायेत तरी कुनाच्या बाजूचे?"

आणि तुम्ही, बोलायच्या भरात, वर्गात उत्तर द्यावं तितक्या सहज म्हणालात, "आत्ता? आत्ता मी त्यांच्या बाजूचा."

पुढं तुम्हाला कुणी बोलूच दिलं नाही. लोक व्यासपीठाशी आले, मुख्याध्यापक हात जोडू लागले, कुणीतरी कर्णा बंद केला. ती माउली उठली, नारळ खुर्चीवरच ठेवला आणि एका बाईच्या खांद्याला धरून चालू लागली. तुम्ही तिच्याकडं बघून काही बोलत होतात. ते तिला ऐकू गेलं नाही, मला मात्र ओठांवरून कळलं, कारण ती दुसऱ्या पानावरची ओळ होती. पान माझ्या दप्तरात, भूगोलाच्या वहीत. मी सतरंजीवर बसून होते. उठून मोठ्यानं वाचलं असतं तर लोकांनी ऐकलं असतं का, मला माहीत नाही. पोरीबाळीला कुणी धक्का मारला नसता एवढं नक्की. मी तोंडात मिठाची गुळणी धरून बसले. मुली उठल्या तशी उठले आणि तुमच्याकडं न बघता घरी आले.

दोन दिवसांनी शाळा चालवणाऱ्या संस्थेचे अध्यक्ष आणि दोन सभासद शाळेत आले. तुम्ही त्यांना सांगितलंत की भाषण अर्धं राहिलं, उरलेलं अर्धं हे असं होतं. ते म्हणाले, मागाहून कुणीबी रचील, लिहिलेलं काही हाय का? तेव्हा तुम्ही माझं नाव घेतलंत. मला वर्गातून बोलावलं. मुख्याध्यापकांची खोली, भिंतीला टेकून तुम्ही उभे, आणि तुमच्या चेहऱ्यावर सुटका झाल्यासारखा भाव, कारण मी आले होते. अध्यक्षांनी विचारलं, दुसरं पान तुझ्याकडं हाय का?

मी म्हटलं, "न्हाई. सरांनी मला एकच पान लिवाया दिलं हुतं."

बाहेर पोरांचे पाढे चालू होते. तुम्ही माझ्याकडं बघितलंत. रागानं नाही. बाकाच्या भांडणात मी तिसऱ्यांदा चुकले तेव्हा बघितलं होतंत तसं, आता हिला काय अडलंय ते शोधत. मग अध्यक्षांकडं वळून म्हणालात, "असेल. दुसरं पान हिला द्यायचं माझ्याकडूनच राहिलं असेल."

एवढं बोलून तुम्ही मला वाट करून दिलीत, मान वर ठेवून परत जायची. आणि मी गेले. संध्याकाळी काकू पाण्याला गेल्या तेव्हा ते पान चुलीत घातलं. खाल्ल्या घरचे वासे मोजणं म्हणतात, माझ्यासाठी त्याहून वाईट म्हण कुणी केली असेल तर तीच मला लागू. त्याच चुलीवरची भाकरी मी त्या रात्री खाल्ली. काकूंनी वर तूप वाढलं, बिचारी पोर घाबरली असेल म्हणून.

तुमची बदली संस्थेच्या खर्ड्याच्या शाळेत झाली. सामान भरताना तुम्ही मला नगरच्या कॉलेजात काय काय विषय घ्यायचे ते सांगत होतात. पुढं खर्ड्याहून तुमचं एक कार्ड आलं. इतिहासाच्या मास्तराला बरोबर जागी धाडलंय, म्हणून लिहिलं होतंत. या गावच्या मैदानावर मराठ्यांनी निजामाशी लढाई जिंकली, तह झाला, आणि पुढं घरच्याच भांडणांत त्यातलं बरंचसं परत गेलं, पोरांना किल्ला दाखवत हेच सांगत असतो. शेवटी होतं, अभ्यास कर, तब्येतीला जप. त्या सभेविषयी चकार शब्द नाही. मी उत्तर दिलं नाही. परीक्षा झाल्यावर देऊ म्हटलं, निकाल लागल्यावर देऊ म्हटलं, आणि मग इतके महिने गेले की आता काय तोंडानं द्यायचं, असं झालं.

आणि विनोद बघा सर, मला पोटापाण्याला लावलं ते तुमच्याच शनिवारच्या तासानं. परराष्ट्र खात्यात मी कधी मोठ्या खुर्चीवर बसले नाही. मी मागच्या रांगेतली, टिपणं करणारी, पुढं बसलेल्याला चिठ्ठी सरकवणारी. एकदा परमुलखात आमच्या काही खलाशांच्या सुटकेची बोलणी चालू होती आणि काही केल्या गाडं हलत नव्हतं. आमच्या प्रमुखांनी रागारागानं मलाच विचारलं, यांना पाहिजे तरी काय? मी एका कागदावर त्यांच्या बाजूनं लिहून दिलं: आम्ही या माणसांना सोडलं तर उद्या आमच्या लोकांना काय सांगायचं? प्रमुखांनी ते दोनदा वाचलं, आणि दुसऱ्या दिवशी समोरच्यांना आपल्या लोकांपुढं सांगता येईल असं काहीतरी त्यांच्या हातात ठेवलं. माणसं सुटली. मायदेशी आल्यावर प्रमुखांना वर्तमानपत्रांनी मवाळ म्हणून झोडपलं, ते हूं का चूं न करता उभे राहिले, आणि मला खात्यात शाबासकी मिळाली. ही विद्या कुठं शिकलीस, असं पुष्कळांनी विचारलं. मी अगदी भरल्या गळ्यानं तुमचं नाव सांगायची. माझे सर असे, माझे सर तसे. तुमच्या बदलीची गोष्ट कधी सांगितली नाही.

तुम्ही गेलात तेव्हा मी परदेशात होते. वर्षभरानं काकूंना भेटायला आले. काकू खर्ड्यातच राहिल्या होत्या. मला बघून त्यांनी आधी चूल पेटवली, मग रडल्या. जेवताना म्हणाल्या की तुम्ही त्या माउलीला दोनदा पत्र टाकलं होतं, तिनं ती कुणाकडून वाचून घेतली नाहीत, तशीच परत धाडली. ती गेल्याचं कळलं तेव्हा तुम्ही दोन दिवस शाळेत गेला नाहीत. मग काकूंनी माझ्याकडं न बघता, भाकरीवर पाणी फिरवता फिरवता विचारलं, "खरं सांग गं, दुसरं पान लिहिलं होतं का तू? ते शेवटपर्यंत म्हणायचे, मीच द्यायला विसरलो. पण ते विसरायचे नाहीत कधी काही."

म्हणजे तुम्ही घरातसुद्धा, काकूंनासुद्धा, सांगितलं नव्हतंत. ती वाट तुम्ही शेवटपर्यंत उघडी ठेवली होती. आणि मी पुन्हा त्याच वाटेनं बाहेर पडले. नाही काकू, म्हटलं, एकच पान होतं. काकू म्हणाल्या, असेल बाई, वय झालं होतं तेव्हा त्यांचं. सर, त्या सभेच्या वेळी तुमचं वय बेचाळीस होतं. आपला नवराच चुकला होता, गावासमोर अर्धवट भाषण घेऊन उभा राहिला होता, असं समजून काकू गेल्या. आणि तसं मी त्यांना त्यांच्याच घरात बसून समजू दिलं. याची मला लाज वाटते. रोज वाटते असं म्हणणार नाही, ते खोटं होईल. पण वाटते तेव्हा जेवण जात नाही.

वर एक गोष्ट मी गाळली, आता लिहिते. नगरच्या मुलींच्या वसतिगृहात माझी जागा अध्यक्षांच्या शब्दावर मिळायची होती, आणि ती जाईल या भीतीनं मी खोटं बोलले, असं मी इतकी वर्षं स्वतःला समजावत आले. सतरा वर्षांची पोर, उसाच्या फडावरची, भ्याली, एवढंच. पण तसं झालं नव्हतं. अध्यक्ष वाईट माणूस नव्हते. पानाचं विचारायच्या आधी ते मला म्हणाले होते, "पोरी, तुजी नगरची जागा पक्की हाय, ती कुनी काडून घेत न्हाई. आता भिऊ नको, खरं हाय ते बोल." भीतीचं कारणच त्यांनी काढून घेतलं होतं. तरी मी खोटं बोलले. त्या खोलीत चार मोठी माणसं तुमच्याकडं कशी बघत होती ते मला दिसत होतं, आणि माझ्याकडं त्यांनी तसं बघू नये एवढंच मला वाटलं. तुमची म्हणून मला ओळखू नये, असं वाटलं.

तुमची धाकटी पुण्यात असते. तिलाही नातवंडं झाली. दिवाळीला फोन करते, ताई म्हणते, बाबा तुझ्यावर किती जीव टाकायचे म्हणते. हे पत्र खरं म्हणजे तिचं आहे. तिच्या बाबांनी गावापुढं काय मांडलं असतं ते सांगू शकणारं माझ्याशिवाय आता कुणी नाही. काल मी पाकिटावर तिचा पत्ता लिहिला, तिकीटही लावलं. पण मी ते टाकणार नाही, सर. तिनं माझ्याकडं चांगल्या नजरेनं बघावं, असं मला अजून वाटतं.